टेक सीईओंचं वलय

टेक कंपनीच्या सीईओभोवती एक प्रतिमा तयार होते आणि तिच्यामुळे गुंतवणूकदार, गिऱ्हाईक, पत्रकार, नोकरीला येणारी पोरं असे सगळेच त्या माणसाच्या शब्दावर नेहमीपेक्षा जरा जास्तच भरवसा टाकतात, त्याला सीईओचं वलय किंवा करिष्मा म्हणतात. सिमेंट कंपनीचा सीईओ कोण हे विचारलं तर भल्याभल्यांना सांगता येणार नाही, पण मस्क, झुकरबर्ग, पिचाई, नडेला ही नावं चहाच्या टपरीवरही चालतात. याचं कारण सरळ आहे, सिमेंटचं पोतं समोर दिसतं, टेक कंपनी मात्र बऱ्याचदा अजून तयारच न झालेली गोष्ट विकत असते, आणि ती तयार होईपर्यंत पैसा, माणसं आणि लोकांचा धीर टिकवायचा कुणाच्या जोरावर, तर समोर उभं राहून बोलणाऱ्या त्या एका माणसाच्या. म्हणजे वलय ही उद्याच्या प्रॉडक्टवर आज घेतलेली उचल असते. काही जण ती फेडतात, काही जण फेडत नाहीत, आणि उचल घेताना दोघंही अगदी सारखेच दिसतात, हीच यातली खरी गोची आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरने सत्तेचे तीन प्रकार सांगितले होते, परंपरेतून येणारी, कायद्यातून येणारी आणि करिष्म्यातून येणारी. तिसऱ्या प्रकाराबद्दल त्याचं म्हणणं असं की अशा माणसाला आपला चमत्कार पुन्हा पुन्हा सिद्ध करून दाखवावा लागतो, तो थांबला की अनुयायी पांगतात. वेबर १९२० मध्ये वारला, त्याच्या डोळ्यांपुढे प्रेषित आणि सेनापती होते, पण दरवर्षी नवीन मॉडेल घेऊन स्टेजवर येणाऱ्या सीईओला हे जसंच्या तसं लागू पडतं.

स्टीव्ह जॉब्स आणि स्टेज

या सगळ्याचा साचा पडला तो ॲपलच्या स्टीव्ह जॉब्समुळे. २४ जानेवारी १९८४ ला त्याने मॅकिंटॉश कॉम्प्युटर बॅगेतून बाहेर काढला आणि त्या कॉम्प्युटरनेच पब्लिकला हॅलो केलं, तेव्हापासून प्रॉडक्ट लाँच म्हणजे नाटकाचा प्रयोग झाला. त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, ॲपलच्याच बड ट्रिबल या सहकाऱ्याने जॉब्सच्या बोलण्याच्या परिणामाला 'रिॲलिटी डिस्टॉर्शन फील्ड', म्हणजे वास्तवच वाकवून टाकणारा प्रभाव, असं नाव दिलं होतं. तो समोर असला की अशक्य डेडलाइनही शक्य वाटायची आणि तो खोलीबाहेर गेला की हळूहळू भानावर यायला व्हायचं. हे नाव कौतुकाचं होतं की तक्रारीचं, तर दोन्ही.

जॉब्सच्या काळ्या टर्टलनेकचा, म्हणजे उंच बंद गळ्याच्या टीशर्टचा, किस्सा बऱ्याच जणांना अर्धाच माहीत असतो. ऐंशीच्या दशकात जॉब्स जपानमध्ये सोनीच्या कारखान्यात गेला, तिथल्या कामगारांचा युनिफॉर्म त्याला आवडला, मग त्याने डिझायनर इस्सी मियाकेकडून ॲपलच्या लोकांसाठी जॅकेट करून घ्यायचं ठरवलं आणि ही आयडिया ऑफिसात मांडल्यावर लोकांनी चक्क हुर्यो उडवली. कंपनीने युनिफॉर्म नाकारला म्हणून मग त्याने एकट्यानेच घातला. मियाकेने त्याला शंभरेक टर्टलनेक शिवून दिले. पुढे तो साधेपणा म्हणून गाजला, पण जपानी डिझायनरने खास शिवलेला साधेपणा होता तो, हेही लक्षात असू द्यावं.

वलय काम कसं करतं हे बघायचं तर ९ जानेवारी २००७ चा सॅन फ्रान्सिस्कोतला आयफोनचा लाँच बघावा. आयपॉड, फोन आणि इंटरनेटचं यंत्र, अशी तीन प्रॉडक्ट्स आणतोय असं जॉब्स म्हणाला, तेच तीन शब्द घोळवत राहिला, आणि मग म्हणाला की हे तीन नाहीत, एकच आहे. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. प्रत्यक्षात त्या दिवशी फोन नीट तयारच नव्हता. नंतर त्या टीममधल्या इंजिनिअरनी जे सांगितलं त्यानुसार गाणं किंवा व्हिडिओ थोडाच वेळ चालायचा, पूर्ण लावला तर फोन बंद पडायची शक्यता, आधी ईमेल मग इंटरनेट असं केलं तर चालायचं, उलट केलं तर नाही. म्हणून कुठल्या क्रमाने काय दाबायचं याची एक ठरलेली वाट काढली होती आणि जॉब्सने ती दिवसेंदिवस घोटली. रेंजच्या पाच कांड्या कायम फुल दिसतील असं सॉफ्टवेअरमध्येच बसवलं होतं. मेमरी संपून एक फोन अडकला तर दुसरा हाताशी असावा म्हणून स्टेजवर बरेच फोन ठेवले होते. इंजिनिअर मंडळी प्रेक्षकांत बसून आपापल्या भागाचा डेमो पार पडला की दारूचा घोट घेत होती म्हणे. काहीच बिघडलं नाही, उलट जॉब्सने स्टेजवरून जवळच्या स्टारबक्सला फोन लावून चार हजार लाटे कॉफींची ऑर्डर दिली आणि रॉंग नंबर म्हणून ठेवून दिला.

आता याला फसवणूक म्हणायचं का? २९ जून २००७ ला फोन दुकानात आला आणि तो चालत होता, त्यामुळे कुणी म्हणत नाही. पाच-सहा महिन्यांत उचल फिटली.

दुसरी बाजू अशी की माणूसच ब्रँड झाला की त्याची तब्येतही बाजाराची बातमी होते. ऑक्टोबर २००८ मध्ये जॉब्सला हार्ट ॲटॅक आल्याची खोटी बातमी एका न्यूज साइटच्या वाचकांच्या विभागात कुणीतरी टाकली आणि ॲपलचा शेअर धाडकन खाली आला. जानेवारी २००९ मध्ये त्याने आधी हार्मोनचा त्रास आहे असं पत्र काढलं आणि जेमतेम दहा दिवसांत सुट्टीवर जातोय म्हणून सांगितलं, त्या वर्षी त्याचं लिव्हर ट्रान्सप्लांट झालं. आजार ही खाजगी गोष्ट की भागधारकांचा हक्क यावर तेव्हा बरीच भांडणं झाली.

कपडे

कपड्यांवर एवढी चर्चा बाकी कुठल्या धंद्यात होत नसेल. फेसबुकच्या आयपीओआधी, म्हणजे कंपनीचे शेअर पहिल्यांदा बाजारात विकायला काढण्याआधी, मे २०१२ मध्ये, मार्क झुकरबर्ग गुंतवणूकदारांना भेटायला हुडी घालून गेला तर वॉल स्ट्रीटवरच्या एका विश्लेषकाने त्याला अपरिपक्व ठरवलं. तोच झुकरबर्ग एप्रिल २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात, म्हणजे फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर वापरली गेल्यावरून, अमेरिकन काँग्रेससमोर बसला तेव्हा सूट-टाय घालून होता, आणि २०२४ पर्यंत कुरळे केस, गळ्यात सोन्याची चेन, ढगळ टीशर्ट असा तिसराच अवतार. पण कपडे बदलले तरी कंपनीतली निम्म्याहून जास्त मतं सगळा वेळ त्याच्याच हातात होती, म्हणजे कोणाला आवडो न आवडो, त्याला काढणं शक्यच नव्हतं. प्रतिमेवर बोलताना ही शेअरची रचना लोक विसरतात.

चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या जेन्सन ह्वांगचं लेदर जॅकेट आता त्याच्या चिपइतकंच प्रसिद्ध आहे. तैवानमध्ये जन्मलेला हा माणूस तिथे कॉम्प्युटेक्स या कॉम्प्युटरच्या प्रदर्शनाला गेला की रात्रीच्या बाजारात फोटोसाठी झुंबड उडते. शाओमीचा लेई जून सुरुवातीला जीन्स आणि काळा टीशर्ट घालून लाँच करायचा, त्यामुळे चिनी जॉब्स म्हणून त्याची टिंगलही झाली. २०१५ मध्ये दिल्लीतल्या कार्यक्रमात त्याने मोडक्या इंग्लिशमध्ये पब्लिकला 'आर यू ओके' विचारलं, चीनमधल्या पोरांनी त्याचं रिमिक्स गाणं केलं, आणि गंमत म्हणजे त्या फजितीने त्याचं नुकसान न होता तो लोकांना आपल्यातला वाटायला लागला. हे ठरवून करायला गेलं असतं तर जमलं नसतं.

उचल बुडते तेव्हा

एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये थेरानोस काढली. बोटातून काढलेल्या काही थेंब रक्तावर ढीगभर टेस्ट करणारं मशीन, असा दावा. काळा टर्टलनेक, खर्जातला आवाज, डोळ्याला डोळा भिडवून बोलणं, कंपनीच्या बोर्डावर हेन्री किसिंजर आणि जॉर्ज शुल्ट्झसारखे माजी परराष्ट्रमंत्री, कंपनीची किंमत ९ अब्ज डॉलर. ऑक्टोबर २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापलं की बहुतेक टेस्ट दुसऱ्या कंपन्यांच्या नेहमीच्याच मशीनवर चालल्यात, आणि तिथून सगळं उतरणीला लागलं. जानेवारी २०२२ मध्ये ज्युरीने तिला गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल दोषी धरलं, नोव्हेंबरमध्ये ११ वर्षांहून जास्त शिक्षा झाली. नुसता टर्टलनेक बघितला तर जॉब्स आणि होम्स यांच्यात फरक सांगता येत नाही. फरक होता तो पेशंटच्या रिपोर्टमध्ये, आणि तो बघायची तसदी त्या बोर्डातल्या बड्या लोकांनी घेतली नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे सत्यम या आयटी कंपनीचे रामलिंग राजू, यांचं वलय मात्र अगदी उलट जातीचं होतं. मितभाषी, नम्र, १०८ ॲम्ब्युलन्ससेवेमागचे दानशूर, पुरस्कारप्राप्त उद्योजक. ७ जानेवारी २००९ ला त्यांनी स्वतःच पत्र लिहून सांगितलं की वर्षानुवर्षं हिशेब फुगवले होते, आकडा सात हजार कोटींच्या आसपास, आणि वाघावर बसल्यासारखं झालं होतं, उतरायचं कसं ते कळेना. म्हणजे वलय भडकच असतं असं नाही, शांतपणाचंही असतं, आणि शांत माणसावर संशय घ्यायला लोक आणखीनच कचरतात.

जॅक मा यांची गोष्ट वेगळी, तिथे प्रॉडक्ट बुडालंच नाही. २०१७ मध्ये आपल्या अलिबाबा या चिनी ऑनलाइन खरेदीच्या कंपनीच्या वाढदिवसाला मायकल जॅक्सनच्या वेशात नाचणारा हा माणूस २४ ऑक्टोबर २०२० ला शांघायमध्ये बोलता बोलता चिनी बँकांची मानसिकता सावकारी पेढीसारखी आहे असं म्हणून गेला. दहा दिवसांत त्यांच्याच अँट ग्रुप या पैशाच्या व्यवहारांच्या कंपनीचा जगातला सगळ्यात मोठा ठरणारा आयपीओ, लिस्टिंगला दोन दिवस उरलेले असताना, थांबवला गेला आणि मा जवळपास तीन महिने कुठे दिसले नाहीत. कम्युनिस्ट पार्टीपेक्षा जास्त टाळ्या घेणारा माणूस तिथे परवडत नाही.

भारतात, महाराष्ट्रात

भारतीय आयटीत बरीच वर्षं एकच प्रतिमा चालली, ती साधेपणाची. नारायण मूर्तींनी १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू केली, सुधा मूर्तींनी दिलेले १० हजार रुपये हे भांडवल, ही गोष्ट मराठी घरांत एवढ्या वेळा सांगितली गेलीय की पोरांना ती पाठ असते. मध्यमवर्गाला पैसा कमावायला नैतिक परवानगी हवी होती आणि ती मूर्तींनी दिली, असं माझं मत. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले सीईओ आले, टीशर्टवर जॅकेट, बोलण्यात एआय आणि डिझाइन थिंकिंग, एकदम सिलिकॉन व्हॅली. पगारावरून आणि कारभारावरून संस्थापकांशी जाहीर खटके उडाले आणि १८ ऑगस्ट २०१७ ला त्यांनी राजीनामा दिला, त्या दिवशी शेअर साधारण १० टक्के पडला. हिशेबाचे मुद्दे होतेच, पण कंपनीचा चेहरा साधा असावा की चकचकीत हेही भांडण त्यात होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हटलं तेव्हा मीम्सचा जो पाऊस पडला त्यावरून नव्या पिढीला ती जुनी परवानगी फारशी लागत नाही हे दिसलंच.

पुण्यात पर्सिस्टंट या सॉफ्टवेअर कंपनीचे आनंद देशपांडे यांनी १९९० पासून एवढी मोठी कंपनी उभी केली तरी सेनापती बापट रोडवरून रोज जाणाऱ्या बऱ्याच जणांना त्यांचा चेहरा ओळखता येणार नाही. क्विक हीलच्या कैलाश काटकरांची दहावीनंतर कॅल्क्युलेटर रिपेअर करण्यापासून ॲन्टीव्हायरसपर्यंतची गोष्ट मराठी पेपरांनी भरपूर छापली, कारण गरिबीतून वर आलेला माणूस हा आपला आवडता साचा, त्यात ॲन्टीव्हायरस भाऊ संजय यांनी लिहिला हे मात्र चौथ्या परिच्छेदात येतं.

ओलाचे भाविश अग्रवाल हे नव्या, सोशल मीडियावाल्या पिढीतले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईचा कॉमेडियन कुणाल कामराने सर्व्हिसिंगसाठी धूळ खात पडलेल्या ओलाच्या स्कूटर्सचा फोटो टाकला, अग्रवालांनी त्याच्या करिअरवरून टोमणे मारले, आणि खाली ज्यांच्या गाड्या महिनोन्महिने सर्व्हिस सेंटरला अडकल्या होत्या अशा गिऱ्हाइकांची रांग लागली. लगोलग शेअरही पडला.

वलयाची किंमत

वलयाशिवाय कंपनी चालत नाही असं अजिबात नाही. जॉब्सच्या जागी ऑगस्ट २०११ मध्ये आलेला टिम कुक सप्लाय चेनचा माणूस, स्टेजवर बेताचाच, पण त्याच्या काळात ॲपल एक लाख कोटी डॉलरची झाली (२०१८) आणि पुढे तीन लाख कोटींचीही. सत्या नडेलांनी २०१४ नंतर मायक्रोसॉफ्ट सावरली ती स्टेजवर घामाघूम होऊन नाचणाऱ्या स्टीव्ह बाल्मरच्या जागी येऊन, अत्यंत शांतपणे.

तरी बाजार वलयाला पैसे मोजतो, आणि सगळ्यात जास्त मोजतो ते इलॉन मस्कला. ७ ऑगस्ट २०१८ ला त्याने टेस्ला ४२० डॉलरने खाजगी करतोय, पैसे तयार आहेत, असं ट्विट केलं. पैसे तसे पक्के नव्हते, म्हणून शेअर बाजाराच्या नियामकाशी तडजोड करताना त्याला आणि कंपनीला दोन-दोन कोटी डॉलर दंड भरावा लागला, चेअरमनपदही सोडावं लागलं, सीईओपद मात्र राहिलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या कोर्टाने त्याचं साधारण ५६ अब्ज डॉलरचं पगाराचं पॅकेज रद्द करताना 'सुपरस्टार सीईओ' हाच शब्द निकालपत्रात वापरला आणि अशा माणसापुढे संचालक मंडळ किती नरम पडतं याची चिरफाड केली. पुढे अपील झालं आणि डिसेंबर २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने ते पॅकेज परत बहाल केलं. त्याच्या आधीच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, भागधारकांनी त्याहून कितीतरी मोठं, सगळी टार्गेट्स गाठली तर एक लाख कोटी डॉलरच्या घरात जाणारं पॅकेज तीन चतुर्थांशाहून जास्त मतांनी मंजूर केलं. टेस्लाच्या वार्षिक अहवालात धोक्यांची जी यादी असते तिच्यात कंपनी मस्कवर अतिशय अवलंबून आहे असं सरळ लिहिलेलं असतं, आणि तिथे त्याचं पद 'टेक्नोकिंग' असं दिलेलं आहे. मार्च २०२१ मध्ये हे पद रीतसर नियामकाकडे कळवलं होतं, त्याच पत्रात कंपनीच्या सीएफओचं, म्हणजे हिशेब-पैसा बघणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याचं, पद 'मास्टर ऑफ कॉइन' केलं होतं. नियामकाने ते दाखल करून घेतलं.