सोळा घोड्यांचं समीकरण

बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात एक सुरेख उदाहरण आहे. एकाकडे ६ घोडे आणि ३०० रुपये रोख. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. सगळे घोडे सारख्याच किमतीचे, आणि दोघांची मालमत्ता समान. तर एका घोड्याची किंमत किती?

किंमत 'क्ष' मानू.

६क्ष + ३०० = १०क्ष − १००

इथे शाळेत सांगतात, पद पलीकडे नेलं की चिन्ह बदलायचं. नियम बरोबर आहे. पण 'का बदलायचं?' असं विचारलं की नियम घोकलेली मुलं गप्प होतात, आणि मला ते फार खटकतं. खरं तर पद कुठेच जात नाही. दोघांकडूनही ६ घोडे काढून घ्या. दोघांचं नुकसान सारखंच, म्हणून बरोबरी टिकते:

३०० = ४क्ष − १००

आता दोघांनाही १०० रुपये द्या. दुसऱ्याचं कर्ज फिटलं, पहिल्याकडे ४०० झाले:

४०० = ४क्ष

चार घोडे ४०० रुपयांना, म्हणजे एक १०० रुपयांना. ताळा करून बघा: ६०० + ३०० आणि १००० − १००, दोन्हीकडे ९००.

भास्कराचार्य अज्ञात संख्येला 'यावत्तावत्' म्हणत आणि थोडक्यात 'या' लिहीत. ज्ञात संख्येपुढे 'रू' (म्हणजे 'रूप', रुपये नव्हे), ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. दोन्ही बाजू शेजारी नव्हे, एकीखाली एक मांडत:

या ६ रू ३००
या १० रू १०० (या १०० वर टिंब)

'या'खाली 'या', 'रू'खाली 'रू'. वजाबाकी कशातून कशाची करायची, हे मांडणीतच दिसतं. अज्ञात संख्या अनेक असल्या तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं.

त्याच घोड्यांवर त्यांनी आणखी प्रश्न रचले. समजा, पहिल्याच्या मालमत्तेच्या निम्म्यात २ मिळवले की दुसऱ्याची मालमत्ता होते. इथे अनेकजण घोडे तेवढे निम्मे करतात आणि ३०० तसेच ठेवतात. निम्मं करायचं ते सगळ्याचं:

३क्ष + १५० + २ = १०क्ष − १००

दोन्हीकडून ३क्ष काढा, दोन्हीकडे १०० मिळवा. २५२ = ७क्ष, म्हणजे घोडा ३६ रुपयांना. ताळा इथेही जमतो, दोन्हीकडे २६०.

तिसऱ्या प्रश्नात पहिल्याची मालमत्ता दुसऱ्याच्या तिप्पट आहे. तो कागदावर स्वतः सोडवा, प्रत्येक ओळीत दोन्ही बाजूंना काय केलं ते लिहीत. घोडा २५ रुपयांना पडतो.