बाळ रडलं नव्हतं का? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मूल वेळेवर मान धरत नाही असं दिसलं की कोल्हापूरकडच्या घरांत पहिला प्रश्न ठरलेला: "जन्मल्या जन्मल्या रडलं होतं का?" डॉक्टरांच्या सभेत हाच प्रश्न १८६१ मध्ये लंडनला विल्यम लिटल यांनी मांडला. अडलेलं बाळंतपण, बाळाचं गुदमरणं आणि पुढे ताठरणारे हातपाय यांचा संबंध त्यांनी जोडला. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी (हो, मनोविश्लेषणाचे तेच!) उलट शंका काढली: मुळात पोटातच काही बिघडलं असेल आणि म्हणून बाळंतपण अवघड गेलं असेल तर? फार कुणी ऐकलं नाही. १९८०च्या दशकातल्या मोठ्या अभ्यासांनी मात्र सेरेब्रल पाल्सीच्या (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहण्याच्या) बहुतेक मुलांमागे जन्मवेळचं गुदमरणं नसतं, हे दाखवलं. सुईण, डॉक्टर किंवा बाळंतिणीच्या माथी सरसकट दोष मारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

पण म्हणून गुदमरणं किरकोळ ठरत नाही. वार (गर्भाला पोसणारा अवयव) आधीच सुटली, नाळ बाळाच्या पुढे खाली आली, गर्भपिशवी फाटली किंवा कळा तासन्‌तास चालूनही बाळ खाली सरकलं नाही, की मेंदूचा प्राणवायू तुटतो.

आनंदीबाई जोशी यांचं बाळ दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. पुढे अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच घेतला. १८८६ मध्ये कोल्हापूर दरबारानं त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या, म्हणजे कोल्हापुरातल्या आजच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या, स्त्री विभागावर नेमलं. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात वारल्या.

बाळाची अवस्था मोजायला साधं माप मिळालं ते १९५२ मध्ये, व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञ बाईंकडून. नाडी, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिसाद, रंग. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. मुख्य म्हणजे कुणीतरी घड्याळाकडे बघून बाळाकडे नीट पाहू लागलं. भारतात २००९ पासून नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमात नर्सना शिकवतात तेही याच मिनिटाचं काम: कोरड्या कापडानं पुसा, पाठ चोळा, तरीही श्वास नसेल तर मास्क लावून त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबा. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवाच पुरते, हे २०१० पासूनच्या जागतिक मार्गदर्शक सूचना सांगतात. प्राणवायूचा सिलिंडर नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं कारण नाही.

गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला दुसरा मार काही तासांनी बसतो. तो टाळण्यासाठी सहा तासांच्या आत बाळाचं अंग ३३ ते ३४ अंश सेल्सिअसवर आणून तीन दिवस तसंच ठेवायचं, ही उपचारपद्धत श्रीमंत देशांत २००५ नंतर रुळली. आपल्याकडेही ती येणार असं वाटत असतानाच २०२१ मध्ये या उपचाराच्या 'हेलिक्स' चाचणीचे निकाल आले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातली ४०८ बाळं. थंड केलेल्यांत ४२ टक्के दगावली, न केलेल्यांत ३१. इथल्या बाळांच्या मेंदूला बहुधा इजा कळांच्या कितीतरी आधीपासून झालेली असते, असा एक अंदाज आहे. म्हणजे गगनबावड्याहून रुग्णवाहिका वेळेत शहरात पोचली, तरी तिथं गारव्याचं यंत्र असणं पुरेसं नाही; गरोदरपणातला रक्तदाब, रक्तक्षय आणि बाळाची वाढ यांची तपासणी गावातच व्हायला हवी.