चार फूट खोल पुरलेला थर्मामीटर

व्हिक्टोरियन लंडनमध्ये थंडीत म्हातारी माणसं खोकून जायची आणि उन्हाळा संपत आला की वर्षाच्या आतली बाळं जुलाबाने जायची, दरवर्षी, अगदी ठरल्यासारखी. दर आठवड्याला मृत्यूचे तक्ते छापून यायचे, त्यात ग्रीनिचचं तापमानही असायचं, आणि ते आकडे शेजारीशेजारी ठेवले की पोटात गोळा येतो.

1855 च्या कायद्याने शहराच्या प्रत्येक भागाला आपला आरोग्य अधिकारी नेमावा लागला. 1856 मध्ये इस्लिंग्टनला डॉ. एडवर्ड बॅलर्ड आले. ते नुसते मृत्यू मोजून थांबले नाहीत, गरिबांच्या दवाखान्यांत येणारे नवे पेशंटही मोजायचे आणि हवामानाशी ताडून बघायचे, कारण मृत्यूची नोंद होईपर्यंत साथ गल्लीत शिरलेली असते. मला तरी हेच त्यांचं मोठेपण वाटतं.

नंतर सरकारी खात्यात गेल्यावर 1880 च्या दशकात त्यांनी बाळांच्या जुलाबाचाच मोठा अभ्यास केला. त्यात दिसलं असं, की हवा कितीही तापू दे, जमिनीत एक फुटावरचा थर्मामीटरही चढू दे, मृत्यू फारसे वाढत नाहीत, पण चार फुटांवरचा थर्मामीटर 56 अंश फॅरनहाइटला म्हणजे साधारण 13 सेल्सियसला पोचला की आकडा चढायला लागतो, आणि तो उतरला की मृत्यूही उतरतात.

बॅलर्डना वाटलं रोगाचा जंतू मातीतच राहतो. तो अंदाज चुकला, पण नोंद पक्की होती. एवढी खोल माती तापायला कित्येक आठवडे लागतात, म्हणजे तो थर्मामीटर आजचं ऊन दाखवतच नाही, मागचं साठलेलं ऊन दाखवतो. आणि माशांचंही तसंच, घोड्यांच्या लिदीत आणि उघड्या उकिरड्यांवर त्यांच्या पिढ्यांवर पिढ्या निघायच्या आणि सगळ्यात जास्त माशा व्हायच्या त्या उन्हाळ्याच्या शेवटीच. पुढे मँचेस्टरचे आरोग्य अधिकारी जेम्स निवेन यांनी सापळ्यात सापडलेल्या माशा मोजून ते आकडे बाळांच्या मृत्यूंशी जुळवून पाहिले.

माशी घाणीवरून उठून दुधावर बसायची. तेव्हा दुधाच्या बाटल्यांना लांब रबरी नळी असायची, ती आतून साफच करता यायची नाही, आणि गरम दिवसांत त्या दुधात जंतू भराभर वाढायचे. त्याच गल्लीत, त्याच उन्हात, अंगावर पिणारी बाळं मात्र बरीच वाचायची.