‘एम’ आणि ‘टी’च्या मधला ‘पी’

‘एम-टी’ने संपणारा इंग्रजीत एकच शब्द, ‘ड्रीम’चे भूतकाळी रूप ड्रेम्ट, असा मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. तो चुकीचा आहे. अनड्रेम्ट आणि डेड्रेम्ट ही त्याच शब्दाची भावंडे शब्दकोशात आहेत. ‘एकमेव’ म्हटले की लोक पटकन भुलतात आणि खरा प्रश्न राहून जातो. एम आणि टी ही इतकी नेहमीची अक्षरे शब्दाच्या शेवटी शेजारी का बसत नाहीत? मध्ये पी आला की मात्र टेम्प्ट, अटेम्प्ट, प्रॉम्प्ट, एक्झेम्प्ट, कन्टेम्प्ट अशी रांग कशी लागते?

उत्तर तोंडात आहे. ‘म’ म्हणताना ओठ मिटलेले असतात, स्वरतंतू कंप पावतात आणि मृदू टाळू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, खाली असल्याने हवा नाकातून जाते. पुढे इंग्रजी ‘टी’चा उच्चार करायचा तर ओठ उघडायचे, जीभ दातांमागे टेकवायची, टाळू उचलून नाकाची वाट बंद करायची आणि कंप थांबवायचा. ही चार कामे नेमकी एका क्षणी होत नाहीत. समजा टाळू आधी उचलला गेला, कंपही थांबला, पण ओठ अजून मिटलेलेच आहेत. ओठ मिटलेले, नाक बंद, कंप नाही, म्हणजे झाला ‘प’! कंप चालू राहिला तर त्याच जागी ‘ब’ येतो. आधी ‘न’ असेल तर जीभ दातांमागेच असते, म्हणून ‘द’ किंवा ‘ड’ येतो.

‘रिकामा’ या अर्थाचा एम्प्टी हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘ॲम्तिग’ होता, त्यात पी नव्हता. थंडर होता ‘थुनोर’, स्पिंडल होता ‘स्पिनेल’. लॅटिन ‘नुमेरुस’चा फ्रेंचमार्गे नंबर झाला, ‘कामेरा’चा चेंबर, ‘हुमिलिस’चा हम्बल. आपल्याकडेही ताम्रचे तांबे, आम्रचा आंबा आणि वानरचा वांदर याच वाटेने झाला.

अट एकच, दोन व्यंजने एकमेकांना भिडली पाहिजेत. ‘नुमेरुस’मध्ये म आणि र यांच्यामध्ये स्वर होता, तो गळल्यावर ब शिरला. हॅमरमधला स्वर टिकला, म्हणून तिथे ब नाही. आणि ड्रेम्ट? बोलताना तिथेही अनेकांच्या तोंडून पी निघतो, काही शब्दकोश उच्चारात तो दाखवतातही. स्पेलिंगमध्ये मात्र ‘ड्रीम’ हे मूळ जसेच्या तसे जपले गेले.

स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या टाइल पटावर मांडून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ, खेळणाऱ्याला याचा थेट उपयोग आहे. एम, पी आणि बी यांच्या दोन-दोनच टाइल असतात आणि प्रत्येकीला ३ गुण. हातात एम-बी आले की पुढे एल-ई जुळते का ते आधी पाहावे. पटावर ए-एम-बी-एल-ई असेल तर त्याच्या आधी जी, आर किंवा डब्ल्यू लागतो, तसेच एस-एच आणि बी-आर ही जोडाक्षरेही. यू-एम-बी-एल-ईच्या आधी बी, एफ, एच, जे, एम, आर, टी यांपैकी कोणतेही एक चालते, शिवाय एस-टी, सी-आर, जी-आर. आय-एम-बी-एल-ईला एन, डब्ल्यू आणि टी-एच एवढे पुरे.

फसगत होते ती शेवटच्या मुक्या बीमुळे. ‘अंगठा’ या अर्थाच्या थममधला आणि ‘कण’ या अर्थाच्या क्रममधला बी नंतर लिहिला गेला. ‘कोकरू’ या अर्थाच्या लॅम आणि ‘कंगवा’ या अर्थाच्या कोममधला बी मात्र मूळचाच, फक्त उच्चारातून गेला. उच्चारावर विसंबून टाइल लावली तर दोन्हीकडे चूक होते. ॲम्बलमधला बीसुद्धा मधे शिरलेला नाही, तो लॅटिन ‘अम्बुलारे’मधूनच आला आहे.

बी नसताना एम-एल शेजारी दिसले, तर तिथे बहुधा सांधा असतो. एका बाजूला पूर्ण शब्द आणि दुसऱ्या बाजूला ‘लेस’ किंवा ‘ली’. सीमलेस, एमलेस, वॉर्मली, काम्ली हे शब्द तसेच बनले. म्हणून पटावर एमने संपणारे नाम दिसले की त्यापुढे चार घरे मोकळी आहेत का ते मोजावे, कारण ‘लेस’ला एल-ई-एस-एस अशा चारच टाइल लागतात.