त, ट आणि दहा महिन्यांचे बाळ

लहान मुलाच्या मनाला कोऱ्या पाटीची उपमा देण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. पाटीवर आधी काहीच नसते, आईवडील आणि शिक्षक तिच्यावर एकेक अक्षर गिरवतात आणि गिरवले जाईल तेवढेच मूल शिकते, अशी ही समजूत. भाषेच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास या समजुतीला छेद देतो, आणि त्यातला सर्वांत गाजलेला पुरावा आपल्याच वर्णमालेतल्या ‘त’ आणि ‘ट’ने पुरवला आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

‘त’ उच्चारताना जिभेचे टोक वरच्या दातांना टेकते, तर ‘ट’साठी ते मागे वळून टाळूला लागते. ‘ताक’ आणि ‘टाक’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत मात्र या दोन जागांच्या मधे, दातांमागच्या हिरडीवर जीभ टेकवून केलेला एकच ध्वनी आहे. त्यामुळे केवळ इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला आपले ‘त’ आणि ‘ट’ बहुधा सारखेच ऐकू येतात. मग त्याच्या तान्ह्या मुलाला ते कसे ऐकू येत असतील?

कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हा प्रश्न बाळांनाच विचारला. बाळ आईच्या मांडीवर बसलेले असते आणि ध्वनिवर्धकातून एकच अक्षर पुन्हा पुन्हा ऐकू येत असते. अक्षर बदलले की बाजूच्या अंधाऱ्या पेटीत दिवा लागतो आणि आतले खेळण्यातले प्राणी हलू लागतात. आवाज बदलला की गंमत दिसते, हे बाळाच्या लवकरच ध्यानात येते आणि ते दिवा लागण्याआधीच पेटीकडे मान वळवू लागते. ज्याला बदल जाणवत नाही, ते मान वळवत नाही. इंग्रजीभाषक घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखता आले. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना ते जमले. हिंदीभाषक घरांतल्या जवळपास त्याच वयाच्या बाळांचे कौशल्य मात्र शाबूत होते.

एकाही शब्दाचा अर्थ धड कळत नसताना, कोणता फरक कामाचा आणि कोणता बिनकामाचा, हे बाळ ठरवते कशावरून? एकच माणूससुद्धा तेच अक्षर दोनदा अगदी तंतोतंत सारखे उच्चारत नाही. दिवसभरात कानावर पडलेले सगळे ‘त’ आणि ‘ट’ जिभेच्या जागेनुसार एका रेषेवर मांडले, तर मराठी घरात त्या रेषेवर दोन ठिकाणी गर्दी दिसेल आणि मधे विरळ जागा राहील. इंग्रजी घरात मधोमध एकच गर्दी दिसेल. बाळाचा मेंदू नकळत या गर्दीची मोजदाद करत असावा, असा अंदाज होता. जेसिका माय, वर्कर आणि लुआन गर्केन यांनी २००२ साली तो तपासला. ‘द’सारख्या ध्वनीपासून ‘त’सारख्या ध्वनीपर्यंत किंचित किंचित बदलत जाणाऱ्या आठ पायऱ्या त्यांनी तयार केल्या आणि सहा व आठ महिन्यांच्या बाळांचे दोन गट केले. पहिल्या गटाला दुसरी आणि सातवी पायरी अधिक वेळा ऐकवली, दुसऱ्या गटाला चौथी आणि पाचवी. पहिली आणि आठवी पायरी दोन्ही गटांनी सारख्याच वेळा ऐकली होती. तरीही, जेमतेम अडीच मिनिटांच्या श्रवणानंतर, या टोकाच्या दोन ध्वनींतला फरक फक्त पहिल्या गटाला ओळखता आला. म्हणजे ध्वनी तेच होते, बदलले होते ते केवळ त्यांच्या वारंवारतेचे वितरण, आणि तेवढ्याने ऐकण्याची घडण बदलली.

‘बुद्धिमान बाळ’ घडवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या ध्वनिफितींबद्दल येथे स्पष्ट बोलायला हवे. गर्भाला शेवटच्या महिन्यांत ऐकू येते आणि नवजात बाळ आईचा आवाज ओळखते, हे खरे आहे. परंतु पोटात पोचते ती मुख्यतः आवाजाची लय आणि चढउतार. त्यावरून गर्भ श्लोक किंवा गणित शिकतो, हा दावा विज्ञानाच्या नावावर खपवणे ही पालकांची फसवणूक आहे. जन्मानंतरही नुसते यंत्र पुरत नाही. पॅट्रिशिया कुल आणि सहकाऱ्यांनी २००३ साली नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषेची बारा सत्रे दिली. समोर बसून खेळणाऱ्या, पुस्तक दाखवणाऱ्या माणसांकडून ती ऐकलेल्या बाळांनी चिनी ध्वनींतले फरक टिपले, तर त्याच माणसांची चित्रफीत पाहिलेल्या बाळांना त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

परदेशात वाढलेली मराठी मुले ‘बाळ’ला ‘बाल’ म्हणतात, तेव्हा ‘ळ’ रक्तातच असावा लागतो, असे काही वडीलधारे म्हणतात. रक्ताचा येथे काहीही संबंध नाही, कारण कॅनडातल्या त्या बाळांचे आईवडीलही हिंदीभाषक नव्हते, तरी सहा-आठ महिन्यांची असताना त्यांना ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखता आले. शिवाय ही दारे कायमची बंद होत नाहीत. वर्कर आणि टीस यांनी इंग्रजीभाषक प्रौढांनाही तपासले, तेव्हा अनेक वर्षे हिंदी शिकलेल्यांना हे दोन ध्वनी वेगळे ओळखता आले. आणि ज्यांच्या कानावर आयुष्याच्या पहिल्या एकदोन वर्षांत हिंदी पडली होती, त्यांना ते इतक्या अभ्यासाशिवायच जमले.