संथा, परवचा आणि मेंदू : शब्दांच्या पुनरावृत्तीमागचा इतिहास

'घोका आणि ओका' हे शब्द मराठीत पाठांतराची निर्भर्त्सना करण्यासाठी सर्रास वापरले जातात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही घोकंपट्टीपासून दूर जाण्याचा आग्रह आहे आणि अर्थ न कळता केलेल्या परीक्षार्थी पाठांतरापुरता तो योग्यच आहे. परंतु शब्द पुन्हा पुन्हा उच्चारल्याने स्मरणात आणि मेंदूत काय घडते, याच्या अभ्यासाचा गेल्या सुमारे १४० वर्षांचा इतिहास पाहिला, तर पुनरावृत्ती किती वेळा केली यापेक्षा ती कशी बांधली हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरत आलेला दिसतो.

ही बांधणी प्रयोगशाळांच्या कितीतरी आधी वेदपाठशाळांनी घडवली होती. गुरूंनी म्हटलेले शिष्याने तसेच्या तसे पुन्हा म्हणायचे, या पद्धतीला आपल्याकडे 'संथा घेणे' म्हणतात. संहिता (सलग मंत्र) आणि पदपाठ (शब्द सुटे करून म्हणणे) झाल्यावर शब्दांची निरनिराळ्या क्रमाने गुंफण करणारे क्रम, जटा, घन असे पाठ येतात. घनपाठात पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला आणि पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा अशा क्रमाने शब्द म्हटले जातात व मग हीच रचना एका शब्दाने पुढे सरकते, त्यामुळे ओळीच्या मधल्या प्रत्येक शब्दाचा उच्चार १३ वेळा होतो. प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाशी सुलट आणि उलट अशा दोन्ही बाजूंनी बांधला गेल्यामुळे एखादा शब्द गळाला किंवा जागा बदलून आला, तर चूक लगेच कानाला खटकते. लेखनाचा आधार न घेता मजकूर अचूक राखण्याची ही तपासणीयंत्रणा होती, आणि तिला नुसते घोकणे म्हणणे हा तिच्यावर अन्याय आहे.

पुनरावृत्तीचे मोजमाप मात्र जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्यापासून सुरू झाले. त्यांनी निरर्थक अक्षरगटांच्या याद्या तयार केल्या आणि एकाच प्रयोगाधीन व्यक्तीवर, म्हणजे स्वतःवर, वर्षानुवर्षे प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेली यादी काही काळाने पुन्हा पाठ करताना मूळच्या श्रमांपैकी किती वाचतात, हे त्यांचे माप होते. २० मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के, एका तासानंतर ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्के आणि ३१ दिवसांनंतर २१ टक्के श्रम वाचत होते. विस्मरणाचा वेग सुरुवातीला प्रचंड असतो आणि पुढे तो मंदावतो, हे त्यातून प्रथमच आकड्यांत दिसले. अर्थपूर्ण कवितेची कडवी पाठ करायला तेवढ्याच लांबीच्या निरर्थक यादीच्या जेमतेम एक दशांश श्रम लागतात, हेही त्यांनीच नोंदवले.

त्यांच्या निरीक्षणांपैकी मला सर्वांत मोलाचे वाटते ते आणखी वेगळे आहे. १२ अक्षरगटांची यादी आदल्या दिवशी सलग ६८ वेळा म्हणून जेवढा फायदा झाला, तेवढाच फायदा तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी झाला. मध्ये खंड पाडून केलेली पुनरावृत्ती सलग पुनरावृत्तीपेक्षा सरस ठरते, हा निष्कर्ष नंतरच्या शतकात असंख्य वेळा पडताळला गेला. पूर्वी मराठी घरांत तिन्हीसांजेला दिवा लागल्यावर मुले पाढे, पावकी, निमकी आणि श्लोक असा परवचा रोज म्हणत. त्या थोडे थोडे, पण नित्य म्हणण्यामागे हेच तत्त्व नकळत पाळले जात होते. परीक्षेच्या आदल्या रात्री उत्तरे घोकण्यात बांधणीचा हाच भाग गळून पडलेला असतो.

सलग आवर्तनांची दुसरी मर्यादा अर्थाशी निगडित आहे. एखादा शब्द मिनिटभर सतत म्हणत राहिल्यास तो पोकळ आवाज वाटू लागतो. हा अनुभव १९०७ पासून संशोधनात नोंदलेला असून १९६२ मध्ये मॅकगिल विद्यापीठातील लिऑन जाकोबोविट्स यांनी त्याला अर्थ-संपृक्तता अशा आशयाचे नाव दिले. शिवाय केवळ ओठांवर घोळवत ठेवल्याने शब्द दीर्घकाळ टिकतोच असे नाही, हे मानसशास्त्रज्ञ क्रेक आणि वॉटकिन्स यांनी १९७३ मध्ये दाखवले.

मग भाषा शिकताना नवा शब्द पुन्हा उच्चारण्याची गरज का भासते? मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ मध्ये कार्यकारी स्मृतीचे, म्हणजे माहिती काही क्षण मनात धरून तिच्यावर काम करणाऱ्या स्मृतीचे, प्रारूप मांडले. ऐकलेला ध्वनी काही क्षण धरून ठेवणारा आणि मनातल्या मनात पुन्हा म्हणून ताजा ठेवणारा जो घटक त्यातून पुढे आला, त्याला ध्वनिचक्र म्हणता येईल. त्याचे महत्त्व १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन महिलेच्या अभ्यासाने स्पष्ट झाले. मेंदूला झालेल्या इजेमुळे तिची ऐकलेल्या शब्दांची तात्पुरती स्मृती अत्यंत तोकडी झाली होती, पण तिचे रोजचे बोलणे आणि दीर्घकालीन स्मृती शाबूत होती. परिचित इटालियन शब्दांच्या जोड्या ती इतरांप्रमाणेच शिकली, परंतु ऐकवलेल्या अनोळखी रशियन शब्दांपैकी एकही तिला दहा आवर्तनांनंतरही शिकता आला नाही. ज्या शब्दाला अजून अर्थाचा आधार नाही, त्याला स्मृतीत शिरण्यासाठी ध्वनीचीच वाट असते. लहान मुले निरर्थक शब्द किती अचूक परत म्हणू शकतात, याचा त्यांच्या शब्दसंग्रहाशी संबंध का आढळतो, हेही यावरून समजते.

मेंदूच्या पातळीवर पुनरावृत्तीचा परिणाम अपेक्षेच्या उलट दिसतो. तोच शब्द पुन्हा समोर आला की त्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद बहुधा वाढत नाही, तर घटतो. शब्दाचा अर्थ लावण्याशी निगडित असलेली, सुमारे ४०० मिलिसेकंदांनी उमटणारी विद्युतलहर मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये प्रथम वर्णिली. ही लहरही पुनरुक्त शब्दासाठी लहान होते. परिचित गोष्टीवर मेंदू कमी श्रम खर्च करतो, असा याचा एक अर्थ लावला जातो. विद्यार्थ्यासाठी मात्र ही सुलभता फसवी ठरू शकते, कारण 'ओळखीचे वाटणे' आणि 'आठवता येणे' या दोन वेगळ्या क्षमता आहेत. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ मधील एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी त्यातील ८१ टक्के भाग आठवला, तर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्यानंतर हेच प्रमाण अनुक्रमे ४२ आणि ५६ टक्के असे उलटले. संथा घेतलेला भाग पोथी न पाहता म्हणून दाखवण्यामागची दृष्टी यापेक्षा वेगळी नाही.

वेदपठण आणि मेंदूचे संशोधन या दोन प्रवाहांची प्रत्यक्ष गाठ २०१६ मध्ये पडली. जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंचे एमआरआय चित्रण करून तेवढ्याच इतर व्यक्तींशी तुलना केली. भाषा, स्मृती आणि दृष्टी यांच्याशी संबंधित भागांत पंडितांमध्ये करड्या द्रव्याचे (मेंदूपेशींनी दाट असलेल्या ऊतीचे) प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले. स्मृतीसाठी कळीच्या असलेल्या हिप्पोकॅम्पसच्या रचनेतही फरक दिसले. तथापि हे चित्रण एकाच वेळी केलेले होते, पठणाला आरंभ करण्यापूर्वी या पंडितांचे मेंदू कसे होते याची नोंद त्यात नव्हती, त्यामुळे हा फरक पठणाने घडला की मुळातच तशी क्षमता असलेले विद्यार्थी या वाटेवर टिकून राहिले, हे त्या अभ्यासातून ठरवता येत नाही. त्यासाठी पाठशाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलांचा पहिल्या संथेपासून घनपाठापर्यंत वर्षानुवर्षे मागोवा घ्यावा लागेल.