दीड ग्रॅम फॉस्फरसचा हिशेब

मध्यंतरी एका तलावावर सहलीसाठी बोट चालवणाऱ्या गृहस्थांशी बोलणं झालं. बोटीत चार जणांची झोपायची सोय, छोटं स्वयंपाकघर आणि संडास. मैला कुठे जातो, असं विचारल्यावर त्यांनी मोठ्या कौतुकानं एक पेटी उघडून दाखवली. संडासातलं सगळं तिच्यात येतं, पाती फिरून त्याचा लगदा होतो, त्यात जंतुनाशक मिसळलं जातं आणि मग ते पाणी तलावात सोडलं जातं. "एकही जंतू शिल्लक राहत नाही," ते म्हणाले, "आणि एवढ्या मोठ्या तलावात एका बोटीचं काय घेऊन बसलात?"

माणूस मनापासून बोलत होता. पाण्यावर पोट असलेला माणूस मुद्दाम पाणी नासवत नाही. पण त्यांच्या दोन्ही मुद्द्यांचा हिशेब मांडून बघायलाच हवा.

आधी "एवढा मोठा तलाव" घेऊ. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत साधारण काही कोटी ई. कोलाय जीवाणू असतात. एका वेळची विष्ठा शंभर ग्रॅम आणि ग्रॅमला पाच कोटी जीवाणू धरले, तर एकूण पाचशे कोटी झाले. पोहण्याच्या गोड्या पाण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सरासरीचा निकष आहे 100 मिलिलिटरमध्ये 126 ई. कोलाय. प्रक्रिया न केलेला एका माणसाचा एका वेळचा मैला या निकषापर्यंत पातळ करायला सुमारे 40 लाख लिटर पाणी लागतं. म्हणजे 50 मीटर लांब, 40 मीटर रुंद आणि 2 मीटर खोल एवढा तलावाचा तुकडा. तोही पूर्ण ढवळला गेला तर! प्रत्यक्षात बोटी नांगर टाकतात त्या वारा न लागणाऱ्या, उथळ, शांत कोपऱ्यात, आणि पोरं पाण्यात उड्या मारतात तीही तिथेच. तलाव मोठा असतो, पण मैला पडतो तो कोपरा मोठा नसतो.

तरीही जंतूंच्या बाबतीत त्या गृहस्थांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. आतड्यातले बहुतेक जीवाणू उघड्या पाण्यात फार काळ तग धरत नाहीत. ऊन त्यांना मारतं, सूक्ष्मजीव त्यांना खातात. पेटीतलं जंतुनाशक हेच काम लवकर उरकतं. प्रश्न फक्त जंतूंचा असता तर हा लेख इथेच संपला असता.

पेटीत एक गोष्ट मात्र मरत नाही, कारण ती जिवंतच नसते. फॉस्फरस. माणसाच्या शरीरातून रोज सुमारे दीड ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक लघवीतून जातो. त्यामुळे "आम्ही तलावात फक्त लघवीच सोडतो" हाही बचाव टिकत नाही. पाती त्याला बारीक करू शकत नाहीत, क्लोरीन त्याला मारू शकत नाही. मैल्यातला कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. नायट्रोजनचाही काही भाग जीवाणूंच्या कृपेनं वायू होऊन उडून जातो. फॉस्फरसला अशी हवेची वाटच नाही. तो एकदा तलावात पडला की बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबर वाहून जाईल, नाहीतर गाळात बसेल.

आता जरा रसायनशास्त्र. शैवालाच्या पेशीत कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांच्या अणूंचं प्रमाण ढोबळमानानं 106 : 16 : 1 असतं. अमेरिकी शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी हे प्रमाण समुद्राच्या पाण्यात शोधलं, म्हणून ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं. फॉस्फरसचा एक अणू मिळाला की शैवाल त्याच्याभोवती कार्बनचे 106 अणू गोळा करतं. वजनात मांडलं तर एक ग्रॅम फॉस्फरसवर शंभर ग्रॅमहून जास्त कोरडं शैवाल उभं राहू शकतं. हे शैवाल मेलं आणि पूर्ण कुजलं की फॉस्फरसच्या एका अणूमागे प्राणवायूचे 138 रेणू खर्च होतात, म्हणजे ग्रॅमला सुमारे 142 ग्रॅम प्राणवायू. कोमट पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. तेव्हा एका माणसाचा एका दिवसाचा दीड ग्रॅम फॉस्फरस 26 हजार लिटर पाण्याचा सगळा प्राणवायू संपवू शकतो. आपल्या सांडपाण्यातला सेंद्रिय भाग थेट कुजायला माणशी, दिवसाला 50-60 ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे सात हजार लिटर पाण्यातला. मैल्याचं दिसणारं नुकसान एवढं, आणि न दिसणारं त्याच्या तिपटीहून जास्त.

कुणी म्हणेल, शैवाल वाढताना प्राणवायू सोडतंच की, मग हिशेब बरोबरीत सुटला! तलावाची गंमत नेमकी इथे आहे. उन्हाळ्यात तलावाचे दोन थर होतात. वर गरम, हलकं पाणी आणि खाली थंड, जड पाणी. दोन्ही सहजासहजी मिसळत नाहीत. 14 ते 15 अंशांच्या दरम्यान पाण्याची घनता जेवढी बदलते, त्याच्या दुप्पट ती 29 ते 30 अंशांच्या दरम्यान बदलते, त्यामुळे उष्ण पाण्यात एखाद्या अंशाचा फरकसुद्धा थर पक्का करायला पुरतो. शैवाल प्राणवायू तयार करतं वरच्या थरात, उजेडात, आणि जास्तीचा प्राणवायू हवेत निघून जातो. मेल्यावर ते बुडतं आणि कुजतं खालच्या अंधारात, जिथे हवेतून नवा प्राणवायू पोचत नाही. जमा वरच्या खात्यात आणि खर्च खालच्या.

खालचा प्राणवायू संपला की आणखी एक दार उघडतं. गाळाच्या पृष्ठभागावर लोहाची तांबूस संयुगं असतात आणि ती फॉस्फेटला, म्हणजे पाण्यातल्या फॉस्फरसच्या संयुगाला, घट्ट धरून ठेवतात. मात्र प्राणवायू असेपर्यंतच. तो गेला की फेरिक लोहाचं फेरस लोह होतं, ते पाण्यात विरघळतं आणि धरून ठेवलेलं फॉस्फेट सुटतं. तलावांचे अभ्यासक क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडमधल्या तलावांच्या गाळावर 1941-42 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ही यंत्रणा उलगडून दाखवली. म्हणजे कित्येक वर्षांपूर्वी तलावात पडलेला फॉस्फरस, पुरला गेला असं वाटत असताना, पुन्हा वर येऊन नवं शैवाल वाढवू शकतो. हे वाचल्यापासून शांत तलावाकडे बघताना माझं लक्ष तळाकडे जातं.

फॉस्फरसच का, नायट्रोजन का नाही, याचा पुरावा डोळ्यांना दिसेल असा आहे. 1973 मध्ये कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात तलावांचे अभ्यासक डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 226 क्रमांकाचा तलाव निवडला. त्याचा आकार डमरूसारखा. मधल्या चिंचोळ्या भागात पडदा लावून त्यांनी त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातलं, दुसऱ्यात तेच आणि वर फॉस्फरस. फॉस्फरसवाला भाग शैवालानं हिरवागार झाला, दुसरा जवळजवळ होता तसाच राहिला. विमानातून घेतलेल्या छायाचित्रात पडद्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी दोन वेगळ्या रंगांचं दिसतं. ही दाट वाढ सायनोबॅक्टेरियांची, म्हणजे ज्यांना निळं-हिरवं शैवाल म्हणतात त्या जीवाणूंची होती. यांच्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच वापरतात आणि काही यकृताला घातक विष तयार करतात.

म्हणूनच समुद्राचा नियम तलावाला लागू करता येत नाही. मोठ्या जहाजांसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपलीकडे, चालत्या जहाजातून, हळूहळू सोडायला परवानगी देतो. 12 सागरी मैल म्हणजे 22 किलोमीटर. काठापासून एवढं दूर जाता येईल असे तलाव जगात मोजकेच! अमेरिकेत ज्या गोड्या पाण्याच्या तलावांत बाहेरून बोटींची ये-जा होऊ शकत नाही, तिथे प्रक्रिया केलेला मैला सोडायलाही बंदी आहे. बोटीवर मैल्याची दिशा वळवणारा व्हॉल्व्ह असेल तर तो बंद करून त्याचा दांडा काढून ठेवायचा, किंवा कुलूप अथवा न सुटणारी पट्टी लावायची. ही सक्ती मला अजिबात जाचक वाटत नाही.

बाजारात मिळणाऱ्या "मैला नाहीसा करणाऱ्या" एन्झाइमच्या बाटल्यांबद्दलही बोललं पाहिजे. जीवाणूंचे गोळे तलावात टाकले की पाणी आपोआप शुद्ध होतं, हाही त्याच जातीचा दावा. यातल्या काही गोष्टींनी वास कमी होत असेल, लगदा पातळ होत असेल. पण फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे आणि कुठल्याही जीवाणूला मूलद्रव्य नाहीसं करता येत नाही. नाहीसं झालं असं सांगणाऱ्याला एवढंच विचारावं, की गेलं कुठे?

मग उरतो तो साधा उपाय, साठवणं आणि काठावर आणणं. बोटीत बंद टाकी हवी आणि धक्क्यावर ती उपसायची सोय हवी. टाकीची मोठी तक्रार असते वासाची, आणि बहुतेक वेळा दोष हवेच्या नळीचा असतो. नळी अरुंद असली किंवा तुंबली की टाकीत प्राणवायू पोचत नाही, मग प्राणवायूविना जगणारे जीवाणू सडक्या अंड्यांच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. नळी रुंद केली, दोन बाजूंना दोन नळ्या दिल्या, की वास बराच उतरतो. त्याऐवजी लोक फॉर्मल्डिहाइडवालं रसायन ओततात, आणि ते पुढे काठावरच्या सेप्टिक टाकीतल्या कामाच्या जीवाणूंनाच मारतं.

उपसायचं काम मी धक्क्यावर उभं राहून पाहिलं आहे. कामगारानं बोटीच्या डेकवरचं झाकण फिरवून काढलं, जाड नळीचं तोंड त्यात घट्ट बसवलं आणि पंप सुरू केला. नळीला हातभर लांबीचा पारदर्शक तुकडा जोडलेला होता. त्यातून आधी काळपट तपकिरी पाणी धावलं, मग फिकट. पंप थांबवून त्यानं टाकीत बादलीभर स्वच्छ पाणी ओतलं आणि पुन्हा उपसलं, कारण तळाचा जड गाळ पहिल्या खेपेला निघत नाही. तिसऱ्या खेपेला नळीतून पलीकडचा धक्का दिसायला लागला, तेव्हा त्यानं पंप बंद केला, झाकण लावलं आणि हातमोजे उतरवून पुढच्या बोटीला जवळ यायची खूण केली.